देताना फोटो कशाला लागतो?

आज सकाळी आमच्या भागातल्या एका शाळेत वह्यावाटपाला गेले होते. तेव्हापासून डोकं तापलंय.

साहेब येईपर्यंत पोरं पटांगणात उभी. साहेब म्हणजे शहरात बऱ्याच शाखा असलेल्या दुकानांचे मालक. मागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर 'दानशूर' वगैरे, आणि वहीच्या कव्हरवरही त्यांचाच फोटो. वही दिली तरी साहेब ती सोडत नव्हते. पोराचा हात वहीला, साहेबांचा हात वहीला, आणि फोटोग्राफर ओरडतोय, "ए बाळा, इकडे बघ, हस की जरा!" सहावी-सातवीतली एक मुलगी वही घेऊन आली आणि बाईंना हळूच म्हणाली, "बाई, याला खाकी कव्हर घातलं तर चालेल ना?"

मला तिथेच लक्ष्मी रोडचे काका आठवले. वडिलांची प्रेसमधली नोकरी सुटली होती त्या वर्षी आई मला घेऊन गणवेशाच्या दुकानात गेली. भाव ऐकला आणि नुसतं कापड चाचपत राहिली. काउंटरवरच्या काकांनी शर्ट उचलून ट्यूबलाइटखाली धरला, काखेतली शिवण बोटाने दाखवली. म्हणाले, "वहिनी, हा पीस डागी आहे, पडूनच राहणार. निम्म्यात न्या." आईने त्यावरही घासाघीस केली! वर पायमोजे फुकट मिळवले. घरी येईपर्यंत तिचा चेहरा फुललेला होता. पुढे खूप वर्षांनी लेकीच्या गणवेशासाठी त्याच दुकानात गेले आणि सहज विचारलं, डागी पीस असतात का हो अजून? काकांच्या मुलाला ते लागलंच. "आमच्याकडे डागी माल कधी ठेवलाच नाही ताई. शिंप्याकडे परत जातो."

आता चक फीनीबद्दल सांगते, कारण दुकानदारीतून पैसा मिळवून दान कसं करावं हे त्याच्याकडून शिकावं. विमानतळावर ड्यूटी फ्रीची झगमगती दुकानं असतात ना, तो धंदा जगभर वाढवणाऱ्यांतला हा माणूस. जन्म १९३१ चा, न्यू जर्सीतल्या साध्या घरातला. कॉलेजात सँडविच विकायचा. हाँगकाँग, होनोलुलू इथल्या दुकानांत जपानी पर्यटकांना दारू-अत्तरं विकून अफाट श्रीमंत झाला. १९८२ मध्ये त्याने देणग्यांसाठी संस्था काढली आणि १९८४ मध्ये धंद्यातला आपला सगळा वाटा गुपचूप तिच्या नावे केला. १९८८ मध्ये फोर्ब्सने त्याला बड्या श्रीमंतांच्या यादीत घातलं, तेव्हा ती संपत्ती त्याची राहिलीच नव्हती! कॉलेजं, दवाखाने, संशोधन, आयर्लंडपासून व्हिएतनामपर्यंत पैसे गेले, आणि देणगी कुणाची हे सांगायचं नाही अशी अट. १९९७ मध्ये दुकानांतला वाटा विकताना हे बाहेर आलं, ते नाइलाजाने. एकूण ८ अब्ज डॉलर दिले. स्वतः भाड्याच्या घरात राहायचा, मनगटावर प्लास्टिकचं कॅसिओ. २०२० मध्ये सगळं देऊन संपलं तशी संस्था बंद केली. २०२३ मध्ये गेला.

त्याच्या आईची एक गोष्ट मला फार आवडते. शेजारी एक आजारी गृहस्थ होते, बसस्टॉपपर्यंत कसेबसे चालत जायचे. ते दिसले की ही बाई गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडायची आणि आपणही तिकडेच निघालोय असं दाखवून त्यांना सोडायची. आमच्या काकांचा डागी शर्ट दुसरं काय होता? घेणाऱ्याला घेतल्यासारखं वाटूच द्यायचं नाही.

हो, फीनीने संस्था बर्म्युडात काढली, तिथल्या कायद्यांचा फायदा घेतला. मान्य. नाव लावलं की बघून चार जण पुढे येतात हेही ऐकलंय. ससूनला १८६७ पासून नाव आहेच की. असू दे. पण तिथे सलाइन लावायच्या आधी कुणा पेशंटला डेव्हिड ससूनबरोबर फोटो काढावा लागला नाही.

आणि वह्या चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. जाड कागद, छान बांधणी. पोरांना लागतातच. कदाचित त्या माणसाला खरंच द्यायचं असेल, आजूबाजूची चमचेमंडळीच फोटोचं टुमणं लावत असतील.

पण नाही, राग जात नाही. ते फोटो दुपारीच ग्रुपवर फिरायला लागले. त्या मुलीचाही आहे. उद्या तिच्या गल्लीत तो कुणाच्या मोबाइलवर दिसेल, तिच्या आईला दिसेल. माझ्या आईचा असा फोटो कुणी काढला असता, तर तिने मला तो शर्ट घालू दिला नसता. आमच्या काकांना हे कळत होतं, त्यांच्याकडे तर एकच दुकान होतं!

मुख्याध्यापकांना फोन केलाय, ते फोटो ग्रुपवरून काढायला सांगितलेत. याच शाळेतल्या काही मुलांना दप्तरं हवी आहेत. कुणाला, ते वर्गशिक्षिकांना माहीत आहे, आपल्याला कळायची गरज नाही. शाळेच्या कपाटात नेऊन ठेवायची, बाई आपापल्या पद्धतीने देतील. ज्यांना द्यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये या. देणाऱ्यांची यादी टाकणार नाही, टॅगही करणार नाही.