बायानिहान म्हणे!

काल रात्री साडेदहा वाजता मी इंग्लंडमधल्या एका मैदानावर उकिडवी बसून मोबाइलच्या उजेडात गवतातले प्लास्टिकचे काटे आणि लुम्पियाचे, म्हणजे फिलिपिनो स्प्रिंग रोलचे, तुकडे वेचत होते. आज सकाळी सातची ड्यूटी. आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फिलिपिनो जत्रेच्या कमिटीचे फोटो चालले होते. अजून! सकाळपासून फोटोच काढतायत ही माणसं.

"तू तिथे कशाला तडफडलीस?" आईनं फोनवर पहिलं हेच विचारलं. तर, आमच्या वॉर्डात निम्म्या नर्सेस केरळच्या नाहीतर फिलिपिन्सच्या, आणि मी सांगलीची एकटी. फिलिपिन्सवाल्यांत माझी एक आते आहे. बाबांची बहीण नव्हे हो, टागालोगमध्ये थोरल्या बहिणीला आते म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात मी कुडकुडत होते तेव्हा तिनं स्वतःचा कोट काढून मला दिला होता. ती "फिएस्ताला, म्हणजे जत्रेला, मदतीला येशील?" म्हणाली तर नाही कसं म्हणणार?

१२ जून हा फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन. १८९८ साली आगिनाल्दोनं कावितला स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, तो दिवस. देशाबाहेरची मंडळी त्याच्या आगेमागे शनिवार-रविवार बघून जत्रा भरवतात. आमच्या गावात दोन भरतात, कारण संघटना दोन. आधी एकच होती. ती का फुटली हे मला तिघांनी तीन प्रकारे सांगितलं, पण तिन्हींत माईक कुणाच्या हातात होता यावरूनच सुरुवात. (परदेशातल्या मराठी मंडळांत वावरलेल्यांनी इथे हसून घ्यावं.) टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट आपण आपल्यावर सांगतो ना, ती हे लोक स्वतःवर सांगतात. शब्दसुद्धा आहे, उताक तालांका, खेकड्याची अक्कल. मी म्हटलं, ही तर आमची गोष्ट. आते म्हणाली, छे, आमची. तिथेही आमची जुंपायचीच बाकी होती.

स्वयंसेवकांच्या ग्रुपवर १३७ माणसं. सहा महिने नुसते अंगठे, हृदयं आणि झेंडे. "मी आहे!" "आम्ही सगळे आहोत!" काल सकाळी सहाला तंबू ठोकायला किती आले? सात. त्यातली मी एक, जिचा त्या देशाशी संबंध एका कोटापुरता. कुगोन नावाचं गवत असतं तिकडे, भस्सकन पेटतं आणि लगेच विझतं. अशा उत्साहाला ते निंगास कुगोन म्हणतात. आपण आरंभशूर म्हणतो. शब्द दोघांकडे तयार आहेत, तंबूचा खांब धरायला मात्र कुणी नाही.

बरं, राबायचं तर राबा, पण पदरचे पैसे घालून राबायचं! टी-शर्टचे दहा पौंड स्वयंसेवकानंच द्यायचे. वर प्रत्येकाच्या गळ्यात लॉटरीची दोन-दोन पुस्तकं, खपली नाहीत तर भरपाई आपण करायची. आतेनं स्वतःची दोन्ही स्वतःच विकत घेतली. तीच बाई दर महिन्याला घरी पैसे पाठवते, वर्षभर थोडं थोडं सामान भरून गावाकडे बालिकबायान बॉक्सही, म्हणजे घरच्यांसाठीचं मोठं खोकं, पाठवते. तिच्याकडूनच घ्या!

छापील कार्यक्रम दहाचा. सुरू झाला पाऊण वाजता, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. "फिलिपिनो टाइम," असं म्हणून कमिटीवाले हसले. तुम्ही खुशाल हसा! तिनिकलिंगची पोरं अकरापासून पोशाख करून उन्हात उभी होती. वेळूच्या आपटत्या काठ्यांमधून घोटे वाचवत नाचायचं असतं ते, आणि त्यातली एक मुलगी भुकेनं रडत होती. शेवटी तिला मी माझा तुरोन, म्हणजे केळं घालून तळलेला गोड रोल, दिला. मग बारोंग, म्हणजे तिकडचा समारंभाचा शर्ट, घातलेल्या अध्यक्षांनी प्रायोजकांची नावं वाचली. पैसे पाठवणाऱ्या कंपन्या, कार्गोवाले, घरं विकणारे. माझ्या घड्याळानं चोवीस मिनिटं. शेवटी "आणि आमचे स्वयंसेवक." एक ओळ. तीही टाळ्या वाजायच्या आत पुढे सरकली.

आता लेचोन. अख्खं डुक्कर निखाऱ्यांवर फिरवत भाजतात. त्याची साल तांबूस, काचेसारखी कडकडीत होते आणि सगळा जीव त्या सालीत असतो. त्यासाठी घराघरांत भांडणं होतात म्हणे. स्वयंसेवकांना जेवणाचं एक कुपन होतं. चार वाजता मला सुटका मिळाली, तर साल सगळी पाहुण्यांच्या तंबूत गेलेली. माझ्या ताटात गार पानसित, म्हणजे नूडल्स, आणि एक हाड. आतेच्या ताटात तेवढंही नाही, कारण ती जेवलीच नव्हती. भाताचे तीन कुकर एकदम लावल्यावर जनरेटर बसला होता आणि ती माणूस शोधत फिरत होती.

आणि ही बाई चिडत नाही! "ओके लांग." काहीही झालं तरी ओके लांग, चालतंय. अगं, काय चालतंय? मला कमिटीपेक्षा त्या ओके लांगचाच जास्त राग येतो, कारण कमिटीचं सगळं त्याच्यावर तर चाललंय.

मंचामागे मोठा फलक होता, बायानिहान. जुनी पद्धत आहे ती. कुणाला घर हलवायचं असलं की गावातली माणसं बांबूचं घरच्या घर खांद्यावर घेऊन चालतात. भाषणात तो शब्द मी अकरा वेळा ऐकला. रात्री फलक उतरवताना चित्र नीट पाहिलं. घराखाली वाकलेली पंधरा-सोळा माणसं आणि पुढे एक जण, हात उंच करून नुसती वाट दाखवणारा. मी त्याच्याकडे बोट करून आतेला म्हटलं, "हे बघ, अध्यक्ष." ती इतकी हसली, की फलकाचं तिच्याकडचं टोक हातातून सुटलं.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या संघटनेची जत्रा. आतेनं माझं नाव आधीच देऊन ठेवलंय. टी-शर्टचा रंग वेगळा आहे, त्यामुळे पुन्हा दहा पौंड.