समुपदेशनाचा कोर्स काढताय? आधी फायली लावा

अध्यक्षसाहेब, डी.एड. कॉलेज ओस पडलं, इमारत मोकळी आहे, आणि तिथं समुपदेशनाची पदविका सुरू करायचं तुमच्या मनात आलंय. उत्तम! मराठवाड्यात दुःखाला काय तोटा? एक साल पाऊस नाही, दुसऱ्या साली उभं सोयाबीन पाण्यात. लातुरात नीटसाठी आलेली पोरं खोल्यांत कोंडलेली. ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसं बीडच्या वाड्या-तांड्यांवर एकटी. कच्चा माल दारात आहे, गुणवत्ता तेवढी आणायची.

कायद्याला भिऊ नका. 2021 साली संसदेनं संबद्ध आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्याच्या यादीत समुपदेशकही बसले. त्याच कायद्याचा हवाला देऊन यूजीसीनं 2025 पासून दूरस्थ पद्धतीनं मानसशास्त्र शिकवणं बंद केलं. आपण नाव बदलू. 'जीवनकौशल्य व सुसंवाद पदविका' म्हटलं की कोण विचारतंय? 'क्लिनिकल' हा शब्द मात्र चुकूनही नको. क्लिनिकल मानसशास्त्राची नोंदणी ज्या पुनर्वास परिषदेकडं आहे, तिचा 1992 चा कायदा तिथं आडवा येतो.

एखादा शहाणा प्राध्यापक अमेरिकेचा दाखला देईल. तिथं 'केक्रेप' नावाची परिषद 1981 पासून फक्त समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासते. विद्यार्थ्यानं आधी 100 तासांचं प्रात्यक्षिक करायचं, त्यातले 40 तास खरा माणूस समोर बसवून. मग 600 तासांची इंटर्नशिप, त्यात 240 तास पुन्हा माणसांसोबत. वर दर आठवड्याला आपलं काम दाखवायला सुपरवायझरपुढं बसायचं. 600 तास! आपल्याकडं तेवढ्यात आघाडी होते, मोडते आणि पुन्हा होते. पोरांना 'श्रवणाचे महत्त्व' ही पाच मार्कांची टीप पाठ करायला द्या, भागतं.

शिवाय केक्रेपला पूर्णवेळाच्या हिशेबानं बारा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक लागतो. आपल्याकडं तासिका तत्त्वावरच्या एक मॅडम आहेत. त्याच गृहशास्त्र शिकवतात, एनएसएसचं शिबिर नेतात आणि प्राचार्यांची भाषणंही लिहितात. साठ विद्यार्थ्यांच्या सुपरव्हिजनचं रजिस्टर त्या एका रविवारी भरून देतील. फक्त तीन वेगवेगळे पेन द्या. वर्षभराच्या सह्या एकाच शाईत दिसल्या की घात होतो. (मॅडमचा मागचा पगार राहिलाय, तोही बघा. नाहीतर पहिल्या समुपदेशनाची गरज त्यांनाच लागेल.)

आता नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद. नॅक दर्जा देतं कॉलेजला, या कोर्सला नाही. हे मनात ठेवा, माहितीपत्रकात नको. कॉलेजला मिळालेला 'ए' कोर्सच्या फ्लेक्सवर तुमच्या फोटोएवढा मोठा छापा.

तपासणीची टीम यायच्या आधी ग्रंथपालांच्या शेजारची स्टोअररूम रिकामी करून 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावा. दोन खुर्च्या, एक कुंडी, टिश्यूचा डबा. डब्याचं प्लास्टिक काढून ठेवा, मागच्या वेळी तसंच राहिलं होतं. जिओटॅग फोटो हवेत, म्हणून शिपाई मामांना सल्ला घ्यायला आलेल्याच्या खुर्चीत बसवा आणि मान खाली घालायला सांगा. फोटोत अक्षांश-रेखांश येतात, दुःख कुणाचं ते येत नाही. शेजारच्या दवाखान्याशी सामंजस्य करार करा. डॉक्टर तुमचे साडूच आहेत.

मग फेटे, रांगोळी, लेझीम, आणि दुपारी शेंगदाण्याची चटणी न विसरता जेवण.

एकच सांभाळा. पाटी खरी वाटली तर ऐन भेटीच्या दिवशी कुणीतरी खरोखर यायचा. एसटीतून उतरून, हातात पिशवी, दोन रात्री झोप नसलेला. दाराशी उभा राहून विचारेल, "सर, मनातलं बोलायचं म्हणतेत ते इथंच का?"

त्याला हाकलू नका. आत बसवा, कुंडी फ्रेममध्ये येईल असं बघा, फोटो घ्या. मामांच्या फोटोपेक्षा हा नक्की चांगला येईल. मग सांगा, आज तपासणी आहे, सोमवारी या. आणि कक्षाची किल्ली हेडक्लार्ककडं जमा करा.