वहिनी, सीलिंग काढायला लागेल

कौलारू घराला खालून पीव्हीसीचं सीलिंग ठोकायची टूम ज्याने कुणी काढली, त्याला एकदा आमच्या माजघरात आणून झोपवा. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून. वर एक उंदीर धावतो, दुसरा त्याच्या मागे लागतो, तिसरा कुठून तरी सुपारी ढकलत आणतो आणि ती पोकळ पट्ट्यांवरून गडगडत थेट देवघरापर्यंत जाते. मग थोडी शांतता. डोळा लागतो न लागतो तोच कुरतडणं सुरू. करर करर करर. काय कुरतडतायत, वासा की वायर, ते खालून कळायला मार्ग नाही.

उंदीर आमच्याकडे पूर्वीही होते. कोकणात कौलारू घर आणि उंदीर नाहीत, असं कोणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पण तेव्हा मान वर केली की वाशावरून पळताना दिसायचे. बोका आढ्यापर्यंत चढायचा. शिडी लावून वर बॅटरी मारता यायची. मग मुंबईच्या भावोजींना गणपतीत जेवताना ताटात कौलांची माती पडल्याचा साक्षात्कार झाला. "वहिनी, सीलिंग मारून टाकू, एकदम फ्लॅटसारखं." मला कोणी विचारलं? मी चुलीपाशी होते. भावोजी चार दिवस फ्लॅटसारखं राहून परत मुंबईच्या फ्लॅटमध्ये गेले. खाली राहिलो आम्ही आणि वर ते.

आता कौलं आणि सीलिंग यांच्यामधल्या त्या जागेची रचना ऐका. मध्ये आढ्याखाली माणूस उभा राहील एवढी उंची, आणि वळचणीकडे उतरत उतरत वीतभरसुद्धा नाही. खालची पट्टी इतकी हलकी की तिच्यावर पाय ठेवला तर पाय थेट खालच्या पलंगावर. वर जायला झडप नाही. सीलिंगवाल्याला मी तेव्हाच म्हटलं होतं, कोपऱ्यात एक झडप ठेव. तर म्हणे, "वहिनी, होल ठेवलं तर लुक जातो." लुक! आणि वळचणीला प्रत्येक कौलाच्या नागमोडी कडेखाली जी फट राहते, ती मात्र सगळ्या घराभोवती तशीच उघडी टाकून गेला. उंदराच्या पिल्लाला पेन्सिलीएवढी फट पुरते, मोठ्याला अंगठ्याएवढी. म्हणजे माणसाला वाट नाही आणि उंदराला चारी बाजूंनी दरवाजे. हे काम करायचे आपण पैसे दिले!

बरं, एखादी पट्टी काढून बघू म्हणावं, तर तेही नाही. या पट्ट्या एकीत एक अडकवलेल्या असतात, स्क्रू खाचेत लपलेले. मधली काढायची तर भिंतीपासून एकेक उलगडत यायचं. त्यामुळे वायरमन असो, सुतार असो, सगळ्यांचं उत्तर एकच. "वहिनी, सीलिंग काढायला लागेल." काढणार कोण? ते त्यांचं काम नाही.

पेस्ट कंट्रोलवाला आला होता शहरातून. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात विषाच्या वड्या, फ्रीजमागे चिकट पुठ्ठा, सही करा. मी विचारलं, वर? "वर आमचा माणूस चढत नाही." अहो, पण उंदीर वर आहेत! फ्रीजमागे नाहीत! त्या चिकट पुठ्ठ्यावर काय सापडलं माहितीये? एक पाल. बिचारी. बिल मात्र पूर्ण घराचं.

या लोकांवरून मला 2018 सालचं मंत्रालय आठवतं. एकनाथ खडसे यांनी विधानसभेत आकडा वाचून दाखवला होता, मंत्रालयात ठेकेदाराने 7 दिवसांत 3,19,400 उंदीर मारले म्हणून. पुढे खुलासा आला की ती संख्या उंदरांची नव्हे, विषाच्या गोळ्यांची. आमच्याकडेही हिशेब तोच: गोळ्या किती ठेवल्या ते सांगतात, उंदीर किती गेले ते विचारू नका.

आणि त्या वड्यांचं काय होतं ते मला विचारा. त्यातलं विष म्हणजे ब्रोमॅडिओलोन. रक्त गोठू देत नाही, उंदीर खाल्ल्यावर चार-पाच दिवसांनी मरतो. दुकानदार छातीठोक सांगतो, "वहिनी, तहान लागून बाहेर जाऊन मरतात." साफ खोटं. आजारी जनावर घरट्यात पडून राहतं आणि तिथेच मरतं. आमचा मेला माजघराच्या बरोबर मध्यावर. आधी वास आला, मग निळ्या माश्या. मग एलईडीच्या गोल दिव्यात काहीतरी वळवळताना दिसलं. दिवा खाली ओढला, तर अळ्या टपाटप चटईवर. त्या भोकातून मी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. हाताला लागल्या लेंड्या, सुपारीचा भुगा आणि माझ्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्या. उंदीर काही लागला नाही. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणतात, "मारू नये गं, गणपतीचं वाहन." मग अनंत चतुर्दशीला धन्याबरोबर जायला काय झालं होतं वाहनाला?

ते कर्कश आवाजाचं यंत्रही घेऊन झालं, सॉकेटमध्ये लावायचं. भावोजींचीच भेट. माणसाला ऐकू येत नाही असा बारीक आवाज काढतं म्हणे. काढत असेल, पण तो आवाज भिंत किंवा सीलिंग ओलांडत नाही. खोलीत त्रास कोणाला, तर कोणालाच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 2001 सालीच असली यंत्रं करणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून जास्त कंपन्यांना ताकीद दिली होती, की दावे करताय तर पुरावे ठेवा. आपल्याकडे अजून ती धडाक्यात खपतायत. आमच्याचा हिरवा दिवा लागतो, रात्री दिवाणखान्यात तेवढाच उजेड.

उपाय काय ते मला ठाऊक आहे हो. पाव इंची लोखंडी जाळी वळचणीला सगळीकडून ठोकायची. प्लॅस्टिकची नको, ती एका रात्रीत कातरतात. छपराला टेकलेली आंब्याची फांदी तोडायची. एक झडप करायची आणि आतून पिंजरे लावायचे, भाजलेलं खोबरं अडकवून. पण हे किचकट काम कोणालाच नको. जाळी ठोकायला माणूस दिवसभर शिडीवर मान वाकडी करून उभा राहायला हवा, आणि त्यात कमाई काय, तर एक दिवसाची मजुरी. त्यापेक्षा आणखी दोन घरांना सीलिंग मारलेलं परवडतं.

परवा वायरमन येऊन गेला. मागच्या खोलीची लाईट गेलीय, बहुतेक वायर खाल्लीय. कुठे, ते सीलिंग काढल्याशिवाय दिसणार नाही. सीलिंगवाल्याला फोन केला, तर म्हणतो, "वहिनी, आता सीझन आहे, दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर! तोवर भात कापून होईल, शेतातलं खाणं संपेल आणि तिथले उंदीरही घराच्या वाटेला लागतील. उंदरीण एकवीस-बावीस दिवसांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं. त्याच्या सीझनचं मला सांगतो!