"एक डिस्क गेली तरी चालतंय" म्हणे!

डोकं फिरलंय माझं. "दादा, रेड-५ लावून देतो. एक डिस्क गेली तरी डेटाला धक्का नाही, बिनधास्त राहा." दुकानदाराचं हे बोलणं मी ३ वर्षं खरं धरून बसलो. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच साठा करायचा; रेड-५ मध्ये त्यातली एका डिस्कएवढी जागा गेलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करण्यासाठी राखीव जाते. ८ टीबीच्या ४ डिस्क, वापरायला २४ टीबी. त्यावर ११ शिमग्यांचं शूटिंग. पालखी नाचवणं, नमन, खेळे, आणि आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या मृदंगवाल्याचं वाजवणं. तो म्हातारा आता नाही.

जूनच्या पहिल्या पावसात एक डिस्क गेली. नवी घातली, रिबिल्ड सुरू केलं. रिबिल्ड म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचून गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर परत उभा करणं, हे कुणी सांगितलं होतं? ८ टीबीला सगळं सुरळीत चाललं तरी १५ तास सहज लागतात. कोकणात, जूनमध्ये, सलग १५ तास लाइट! दोनदा गेली, आणि यूपीएस १० मिनिटांचा. ६१ टक्क्यांवर दुसरी डिस्क टक-टक वाजायला लागली. संपलं. बाहेर काढून बघतो तर जुन्या डिस्कचे सीरियल नंबर पाठोपाठचे. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी सुरू केलेल्या, सारख्याच झिजलेल्या. स्क्रूंवर खाऱ्या हवेचा गंज.

रेड-६ लावायला हवं होतं. ४ डिस्कमध्ये १६ टीबीच मिळतात, पण कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा राहतो. रेड-१० मध्येही १६च, कारण प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल जोडीच्या डिस्कवर असते. तिथे रिबिल्डला फक्त जोडीची डिस्क वाचायची, लवकर उरकतं, पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की खलास. दोन मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट! काय साठवणार, लाइट किती वेळा जाते, एका शब्दाने विचारलं नाही. "जागा जास्त मिळते" एवढंच पालुपद.

आणि वर तोंड करून म्हणतो, "रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?" अरे, २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी घुसलं, तेव्हा रेड लावलेला खोका काय तरंगत राहिला असता? चुकून एक फोल्डर डिलीट झालं तर ते सगळ्याच डिस्कवरून जातं. पुण्याला भावाच्या कपाटात एक साधी डिस्क ठेवायला सांगितली असती, तरी आज सगळं हाताशी असतं.

रिकव्हरीवाल्यांनी डिस्क मुंबईला मागवल्यात. खात्री देत नाहीत.

काल त्या मृदंगवाल्याचा मुलगा घरी आला होता. "बाबांचं वाजवणं आहे ना रे तुझ्याकडे? पेनड्राइव्ह आणलाय." काय सांगू त्याला?