टीव्हीच्या मस्टरवर आमची हजेरी

विहीणबाई समोर बसलेल्या असताना आम्ही लेकीच्या लग्नाचे फोटो दाखवण्यासाठी टीव्ही लावला आणि फोटोंच्या आधी, पडद्याचा वरचा अर्धा भाग अडवून, 'मनाजोगते स्थळ अजून मिळाले नाही?' अशी एका विवाहसंस्थेची जाहिरात आवाजासकट सुरू झाली. विहीणबाई हसल्या; पण 'तुमचं बघणं अजून चालूच आहे वाटतं' असे जे त्या म्हणाल्या, त्यात थट्टा किती आणि नोंद किती, हे मला अजून उमगलेले नाही. मी आवाज कमी करण्याचे बटण शोधेपर्यंत जाहिरातीतल्या मुलीने सनईच्या सुरावर आपल्या अपेक्षासुद्धा सांगून टाकल्या होत्या.

हा टीव्ही मी नवी पेठेतून पूर्ण पैसे मोजून घेतला आहे. त्याचा हप्ता नाही, तो भाड्याचा नाही आणि कोणी आहेरातही दिलेला नाही. असे असताना तो सुरू झाला की पहिला मान जाहिरातीचा आणि मग घरमालकाचा, ही रीत कोणी ठरवली, असे मी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन करून विचारले, तेव्हा पलीकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितले, "सर, ते फीचर आहे." त्याच आठवड्यात या फीचरने मला सोलापुरी चादरींवरची सवलत दाखवली. ज्या घराच्या माळ्यावर आहेरात आलेल्या चादरींची चळत छताला टेकली आहे, त्या जुळे सोलापुरातल्या घराला! पाळत ठेवायचीच असेल, तर निदान नीट तरी ठेवावी.

पाळत हा शब्द मी रागाने वापरत नाही. पुण्याच्या भाच्याने फोनवर समजावले ते असे, की अनेक स्मार्ट टीव्हींत पडद्यावरचे चित्र ओळखण्याची एक यंत्रणा असते. ती थोड्या थोड्या वेळाने पडद्यावर जे काही चालू आहे त्याचा ठसा घेऊन कंपनीकडे पाठवते, तिथे तो साठ्यातल्या ठशांशी जुळवला जातो आणि आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले आणि कुठे कंटाळून उठलो, याची नोंद होते. सेटटॉप बॉक्सची वायर जोडून पाहिले, तरी यातून सुटका होईलच असे नाही, कारण चित्र शेवटी त्याच पडद्यावर उमटते. आमच्याकडे नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे सांगणारा माणूस अख्ख्या शहरात सापडत नाही, पण मी रात्री बातम्या अर्ध्यावर सोडून जुन्या कुस्त्या पाहतो, हे कुठल्या तरी परदेशी संगणकाला सेकंदासकट ठाऊक असते.

तेव्हा एका रविवारी दुपारी मी चष्मा लावून, रिमोट आणि लॅपटॉप घेऊन टीव्हीसमोर बसलो आणि नेमके त्याच वेळी शेजारचे आप्पा आले. आप्पा ऐंशीच्या घरात आहेत. सोलापुरातल्या गिरण्यांचे भोंगे चालू होते, तेव्हा ते एका गिरणीत टाइमकीपर होते. कोण कधी आत आला, कोण किती वेळ बाहेर रेंगाळला आणि कोणाच्या जागी कोणता बदली कामगार उभा राहिला, हे मस्टरवर चढवण्यात त्यांची हयात गेली. गिरणी बंद पडली, पण त्यांची नजर बंद पडलेली नाही. माझी बायको भाजी घेऊन किती वाजता परतली, हे तिच्यापेक्षा त्यांना अचूक सांगता येते.

"काय करलालास बे?" त्यांनी विचारले.

टीव्हीतल्या जाहिराती आणि पाळत काढतो आहे, असे मी सांगितले. पाळत म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा समजावून घेतले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या खात्यातला माणूस भेटल्याचा आनंद पसरला.

"म्हणजे हजेरी घेतंय की हे! मस्टर हाय म्हण की!"

"तसेच म्हणा."

"मग पगार किती देतंय?"

मी म्हटले, "आप्पा, पगार कसला? उलट टीव्हीचे पैसे मीच दिले."

आप्पा खुर्चीत ताठ बसले. त्यांच्या मते जगात हजेरी दोनच कारणांसाठी घेतली जाते. एक पगार देण्यासाठी आणि दुसरे पगार कापण्यासाठी. ज्या मस्टरला पगारपत्रक जोडलेले नाही, ते मस्टर ठेवणाऱ्या टाइमकीपरला त्यांच्या काळात कामगारांनी दारातच धरले असते, असे त्यांनी मला ऐकवले, आणि मग असले मस्टर चालूच कसे दिले, म्हणून माझीच कानउघाडणी केली. मी बचावासाठी अमेरिकेचे उदाहरण दिले. तिथे २०१७ मध्ये विझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीला अशाच पाळतीच्या तक्रारीवरून २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. सरकारी आयोगाच्या म्हणण्यानुसार १ कोटी १० लाख टीव्हींमधून लोकांना नीट न सांगता माहिती गोळा झाली होती. आप्पांनी माझ्या वीजबिलाच्या पाठीमागे भागाकार मांडला. टीव्हीमागे वीस सेंट आले. डॉलरचा तेव्हाचा भाव त्यांनी माझ्याकडून वदवून घेतला आणि तेरा-चौदा रुपये असा आकडा काढून त्याभोवती गोल केला.

"एवढ्यात तर एका खाड्याचा दंडबी होत नाही," ते म्हणाले. "पुढं काय झालं त्या कंपनीचं?"

"२०२४ मध्ये वॉलमार्टने ती २.३ अब्ज डॉलरला विकत घेतली."

"ती तर दुकानवाली ना? किराणावाल्याला टीव्हीची कंपनी कशाला लागते?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज मला वाटली नाही, कारण विचारता विचारताच ते आप्पांच्या ध्यानात आले होते. ते बराच वेळ पडद्याकडे, एरवी गिरणीच्या दारातून पळणाऱ्या पोराकडे पाहिले असते त्या नजरेने, पाहत राहिले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचे वर्णन करण्यात फारसा अर्थ नाही. सेटिंग्जमध्ये पाळतीचा खटका असतो. पण तो 'पाहण्याचा अनुभव अधिक समृद्ध करा' अशा नावाच्या पाटीमागे, चार दारे ओलांडून, माजघरात ठेवलेला असतो. तो बंद केला, जाहिरातींसाठी दिलेला ओळख क्रमांक पुसला, 'वापर आणि निदान' बंद केले. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती काढून घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे लिहिलेले आहे. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने माझ्या वतीने 'सर्व मान्य' हे बटण चहाचा कप खाली न ठेवता दाबले होते आणि तीच मान्यता परत घेण्यात माझी दुपार गेली, यावरून कायदा लिहिणाऱ्यांच्या घरी कोणता टीव्ही असावा, याचे मला कुतूहल आहे.

पहिल्या पडद्यावरची जाहिरात काढायची तर तो पडदा दाखवणारे मूळ ॲपच निकामी करावे लागते. त्यासाठी टीव्हीच्या माहितीच्या पानावर 'बिल्ड' या ओळीवर सात वेळा ओके दाबावे लागते. सातव्यांदा दाबताच 'तुम्ही आता डेव्हलपर झाला आहात' असा संदेश आला. आप्पांनी उठून माझ्या पाठीवर थाप मारली आणि "एवढ्या वयात झालास, कमाल हाय" असे मनापासून म्हटले. त्यानंतर भाच्याने सांगितलेल्या क्रमाने आधी दुसरे साधे लाँचर, म्हणजे पहिला पडदा दाखवणारे ॲप, बसवले आणि मगच लॅपटॉपवरून आज्ञा देऊन जुन्याला झोपवले. हा क्रम उलटा झाला, तर टीव्ही सुरू होऊन काळोख दाखवतो. शेवटी राउटरमध्ये डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरच्या, जागी जाहिराती अडवणाऱ्या ॲडगार्डचा ९४.१४०.१४.१४ हा पत्ता भरला. टीव्हीने जाहिरातींच्या सर्व्हरचा पत्ता विचारला, की हा सर्व्हर तो सांगतच नाही, म्हणून जाहिरात येत नाही. अर्थात यूट्यूबच्या जाहिराती याला दाद देत नाहीत, कारण त्या व्हिडिओ येतात त्याच ठिकाणाहून येतात. आणि काही टीव्ही राउटरला न जुमानता डीएनएसचा स्वतःचाच पत्ता वापरतात. तेव्हा विजय म्हणायचा तो बेताचाच.

आप्पांना मात्र ही सगळी खटपट बायकी वाटली. मस्टर बंद पाडू नये, ते बिघडवावे, हे त्यांचे तत्त्व. गिरणीत बदली कामगार दुसऱ्याच्या नावावर उभा राहायचा, तशी टीव्हीसमोर माझ्या जागी बदली हजेरी लावायची, असा त्यांनी घाट घातला आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या वेळी ते आमच्याकडे येऊन कन्नड कीर्तने, ट्रॅक्टरची प्रात्यक्षिके आणि लहान मुलांची बडबडगीते आळीपाळीने लावून बसू लागले. पाळतीचा खटका बंद आहे, हे मी त्यांना सांगितले; पण खटक्यावर विसंबणारा टाइमकीपर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. यात एक गोष्ट त्यांच्या बाजूने गेली, हे मान्य करावे लागेल. यूट्यूब आता माझ्या बायकोला रोटाव्हेटर आणि जावळाच्या टोप्या एकत्र सुचवते. त्या बदल्यात दुपारची झोप गेली, चहापत्ती दुप्पट लागू लागली आणि ट्रॅक्टरच्या आवाजाने वरच्या मजल्यावरून निरोप आला. एखाद्या कंपनीने माझ्याकडे पाहू नये, एवढ्यासाठी माझ्याच घरात मला बसायला जागा राहू नये, हा सौदा मला पटलेला नाही. पण ऐंशीच्या माणसाला टीव्हीसमोरून उठवणार कोण?

गेल्या आठवड्यात टीव्हीचे नवे अपडेट आले आणि माजघरातला तो खटका आपोआप पुन्हा चालू झालेला सापडला. मी ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला, तोच आप्पांनी तो माझ्या हातून घेतला.

"बाई, ह्यांच्या टीव्हीची हजेरी मीच देलालोय रोज," ते म्हणाले. "पगार कोणत्या तारखेला जमा होतो?"

पलीकडून त्यांचा मोबाइल नंबर विचारण्यात आला, तो त्यांनी खणखणीत आवाजात दिला आणि त्यांचा अभिप्राय नोंदवून घेतल्याचे त्यांना गोड शब्दांत कळवण्यात आले. तेव्हापासून त्यांच्या फोनवर 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?' असे मेसेज रोज येत आहेत आणि ते बंद कसे करायचे, हे विचारायला आप्पा आता सकाळीही येतात.