‘ही काय रेसिपी झाली?’ : साखर लावलेल्या फळांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. दोन ओळींत आटोपलं असतं तर प्रश्न टोलवल्यासारखं झालं असतं. नाव लिहिलेलं नाही, तेव्हा ताई म्हणू की दादा हे कळायला मार्ग नाही. नुसतं ‘तुम्ही’ म्हणते, राग नसावा.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पार्टीसाठी ओव्हन न लावता करता येणाऱ्या, साखर लावलेल्या फळांची कृती मी दिली होती. द्राक्षं, चेरी, स्ट्रॉबेरी यांच्यावर पाकाचा पातळ हात फिरवायचा आणि साखरेत घोळवायची, एवढीच ती. यांनी ती करून पाहिली आणि मग लिहिलं की याला रेसिपी म्हणणंच चुकीचं आहे. तासाभरात साखरेचं पाणी होऊन ताटात तळं साचलं, म्हणजे हा प्रकार फोटो काढेपर्यंतच टिकतो. मुळात गोड असलेल्या फळाला आणखी साखर चोपडून मुलांच्या हातात देणं बेजबाबदारपणाचं आहे. त्यापेक्षा काचेसारखा कडक पाक चढवलेली फळं दाखवली असती तर ती निदान टिकली तरी असती. आणि उरलेल्या वाटीभर साखरेचं काय करायचं, हेही मी लिहिलेलं नाही.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण खरा राग त्याचाच दिसतो, आणि पाहुण्यांसमोर तसं ताट आल्यावर कोणालाही येईल. तुम्ही काय काय केलंत ते प्रामाणिकपणे लिहिलंत, हे फार बरं झालं. स्ट्रॉबेरीचे देठ काढून दोन फोडी केल्या, द्राक्षं घडावरून ओढून काढली, धुऊन वरवर पुसली, पिठीसाखरेत घोळवली, झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली आणि मंडळी आल्यावर बाहेर काढली. कृतीत ‘अख्खी फळं’ आणि ‘पूर्ण कोरडी’ असं लिहिलं होतं, याची फक्त आठवण करून देते. पण तसं का लिहिलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर ‘पूर्ण कोरडी’ हे शब्द वाचून कोणीही पुढे सरकतो.

साधारण तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे वजनाच्या दुप्पट. पाण्याच्या एका थेंबाचं वजन ०.०५ ग्रॅमच्या आसपास धरलं, तर तो एकटा ०.१ ग्रॅम साखर गिळतो. आता मध्यम द्राक्षाचा आकार आणि साखरेच्या दाण्याची जाडी घेऊन हिशोब मांडा: त्याच्यावर बसणारा साखरेचा एक थर अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास भरतो. पाच थेंबांत खेळ खलास. तेव्हा या पदार्थात साखर चिकटवणं अवघड नाही, पाच थेंब लांब ठेवणं अवघड आहे.

हे थेंब येतात कुठून? एकदा द्राक्ष घडावरून ओढून काढा आणि देठाचं टोक नीट बघा. त्याला ओल्या, फिकट धाग्यांचा एक बारीक झुबका चिकटलेला दिसेल. तो द्राक्षाच्या आतून उपटून आलेला असतो, आणि जिथून आला तिथे छोटंसं भोक पडलेलं असतं. त्या भोकातून रस झिरपत राहतो. वरून कितीही पुसा, दहा मिनिटांत तिथे पुन्हा ओल दिसते. म्हणून द्राक्ष ओढायचं नाही, कात्रीने कापायचं आणि देठाचा गव्हाएवढा तुकडा त्याला राहू द्यायचा. साल शाबूत, भोक नाही, रस आतल्या आत. शिवाय पाकात बुडवताना धरायला तेवढाच देठ कामी येतो. स्ट्रॉबेरीचंही तेच. हिरवी पानं काढली की वर उघडी जखम राहते, आणि मधोमध कापली तर विचारायलाच नको. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि कापलेल्या भागावर साखर पडली की ती ते बाहेर ओढतेच. जॅम करताना फोडींना साखर लावून ठेवतात ते याचसाठी. तुम्ही नकळत जॅमची पूर्वतयारी केलीत.

दुसरी गोष्ट फ्रिजची. बंद डब्यात फळांतून सतत थोडी थोडी वाफ बाहेर पडत असते आणि डब्यातली हवा दमट होत जाते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की साखरेचा दाणा हवेतलंच पाणी ओढून आपोआप विरघळायला लागतो, त्याला फळाच्या रसाचीही गरज लागत नाही. त्यातून वाचली तरी थंडगार फळं उबदार, माणसांनी भरलेल्या खोलीत आली की त्यांच्यावर दव धरतं, गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसं. म्हणून साखर लावलेली फळं फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत. फळं धुऊन, पुसून, वाळवून तयार ठेवा. साखर लावायची ती पाहुणे यायच्या आधी दीड-दोन तास, आणि ताट पंख्याखाली उघडं ठेवायचं. थंडच खायची असतील तर गार ताटात थोडी थोडी आणा, संपली की पुढची. सगळी एकदम मांडून ठेवण्याचा हट्ट कशाला?

पिठीसाखरेबद्दल फार लिहीत नाही. तिचे कण इतके बारीक असतात की ओल लागताच दिसेनासे होतात. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा कॉर्नस्टार्च असतो, त्याचा चिकट पांढरा लगदा होतो तो वेगळाच. साध्या साखरेला मिक्सरमध्ये एक-दोन झटके द्या, चाळणीने भुकटी काढून टाका आणि वर उरलेले बारीक दाणे वापरा. चकाकी त्यांचीच असते.

आता पाक. मूळ लेखात यावर दोनच ओळी होत्या, म्हणून इथे जरा थांबते. बरेच जण फळं नुसत्या पाण्याने किंवा लिंबाच्या रसाने ओली करून साखरेत टाकतात. लगेच खायची असतील तर चालतं. पण वरचा हिशोब इथेही लागू होतो: तुम्ही स्वतःच्या हाताने ते पाच थेंब लावताय. त्याऐवजी वजनाने दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेऊन, साखर विरघळेपर्यंतच गरम करून, पूर्ण गार केलेला पाक घ्या. त्यात आधीच इतकी साखर असते की आणखी विरघळवायला जागाच उरत नाही, मग वर बसलेला दाणा दाणाच राहतो. पाक ब्रशने लावा किंवा फळ बुडवून चांगलं निथळू द्या, जाळीवर ठेवा आणि बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला पाक येणार नाही इतकं सुकू द्या. मगच साखर. ती सुकताना पाकातली साखरही दाणा धरते आणि वर पातळ कुरकुरीत कवच तयार होतं. दाताखाली ते आधी फुटतं आणि मग आंबट रस येतो. या पदार्थाची सगळी गंमत त्या क्षणात आहे, आणि पाण्याने ओल्या केलेल्या फळात ती कधीच येत नाही.

द्राक्षाच्या बाबतीत एक अडचण येते. त्याच्या सालीवर जी पांढुरकी झाक असते ती नैसर्गिक मेणाची. पाक तिच्यावरून घरंगळतो आणि साखर ठिपक्याठिपक्यांनी बसते. कोमट पाण्यात धुऊन सुती कापडाने एकेक द्राक्ष जरा चोळून पुसलं की ती निघते. पन्नास द्राक्षं चोळायचा कंटाळा येतो, मान्य. रेडिओ लावा.

काही जण पाकाऐवजी अंड्याचा पांढरा बलक लावतात. त्याने कवच सुंदर येतं, पण कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जंतूंचा धोका असतो, तेव्हा पाश्चराइझ केलेलाच वापरा. अंडं नको असेल तर डिंकाचं दाट पाणीही चालतं, फुलांच्या पाकळ्यांना साखर लावायला ते वापरतातच. रंगीत जेली पावडरीत घोळवायची युक्ती हल्ली बरीच दिसते, आणि ती खरंच सोपी आहे. मात्र पाकिटावर जिलेटिन आहे का ते वाचा. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होतं, शाकाहारी पाहुण्यांना न सांगता द्यायचं नाही. ताज्या अननसाच्या किंवा किवीच्या फोडींना मात्र ती लावायला जाऊ नका. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) जिलेटिन तोडतात आणि सगळं बुळबुळीत होतं.

‘ही काय रेसिपी झाली?’ याला माझं उत्तर एवढंच की झाली. गॅससमोर तासभर उभं राहावं लागलं नाही म्हणून कृती हलकी ठरत नाही. यातलं काम पुसण्याचं आणि वाळवण्याचं आहे. ते फोटोत दिसत नाही आणि करताना नेमकं तेच गाळलं जातं.

आता साखरेचा मुद्दा. तो गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी मर्यादा सुचवली: दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी. २००० कॅलरींच्या आहारात त्याचे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मुलांचा आहार कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी. अख्ख्या फळातली स्वतःची साखर यात धरत नाहीत. वरच्या हिशोबाने दहा द्राक्षांवर पाच ग्रॅमच्या आसपास साखर बसते. कमी नाही, पण ३३० मिलीच्या गोड कोलाच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास असते, आणि पार्टीत तो कोणी मोजत नाही. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. साखरेची वाटी घोळवण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवा, फरकाला फळांच्या संख्येने भागा, तुमचा आकडा तुमच्या हातात.

गोडावर गोड चढवण्यात मजा नाही, इथे मात्र आपलं जमतं. मधासारख्या गोड द्राक्षाला साखर लावणं म्हणजे द्राक्ष आणि साखर दोन्ही वाया घालवणं. आंबटसर हिरवी द्राक्षं घ्या, क्रॅनबेरी किंवा आंबट चेरी घ्या. चार मोठे चमचे साखरेत पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड मिसळलं तर लज्जत आणखी वाढते, फक्त अशी साखर लवकर ओलसर होते, म्हणून ती अगदी आयत्या वेळी लावायची.

मुलांच्या बाबतीत मला साखरेपेक्षा दुसरीच काळजी जास्त वाटते. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष कधीही देऊ नका, साखरेचं असो वा बिनसाखरेचं. गोल, गुळगुळीत, नेमकं श्वासनलिकेच्या मापाचं असतं ते, आणि अडकलं की घट्ट बसतं. उभं कापून चार फाकी करूनच द्यायचं. कापलेल्याला साखर टिकत नाही, तेव्हा लहानांची वाटी वेगळी ठेवा आणि ती बिनसाखरेची असू द्या. चेरीच्या बिया आणि टूथपिकही त्यांच्यापासून लांब.

कडक पाकाची फळं मला आवडतात, पण ‘टिकतात’ हे तुमचं म्हणणं उलटं आहे. तो पाक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावा लागतो. त्यात पाणी जवळजवळ उरत नाही आणि गार होताना दाणा न धरता साखरेची काच होते. ही काच दाणेदार साखरेपेक्षा जास्त हावरी. बऱ्याच कमी दमट हवेतही ती ओल धरून चिकट होते, आणि आतून फळाचा रस तिला पोखरत असतो तो वेगळा. ती फळं केल्या केल्या खायची असतात. शिवाय उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं, हा पाक चिकटून भाजत राहतो. मुलांना हाताशी घेऊन करायच्या कृतीत मी तो घालणार नाही. तुम्हाला करायचाच असेल तर थर्मामीटर घ्या, एका वेळी थोडीच फळं करा आणि मुलं दुसऱ्या खोलीत असू द्या.

राहिली उरलेली साखर. तिला फळांची ओल लागलेली असते, म्हणून डब्यात परत ओतू नका, दुसऱ्या दिवशी दगड झालेला मिळेल. मुळात वाटीत थोडी थोडीच काढा, गुठळ्या दिसल्या की बदला, म्हणजे वाटीभर उरतच नाही. जी उरेल ती चाळून त्याच दिवशी सरबतात घाला. सायट्रिक ॲसिड मिसळलेली असेल तर लिंबू जरा बेतानेच पिळा.