बाबासाहेबांनी ती हस्तलिखिते टाकून दिली नव्हती

तत्त्वज्ञानात एम.ए. करणाऱ्या माझ्या भाचीने परवा मला एक संदेश पाठवला आणि डॉ. आंबेडकरांचे मरणोत्तर प्रसिद्ध झालेले लेखन आपल्या प्रबंधातून वगळावे का, असे विचारले. कितीतरी जणांनी पुढे पाठवलेल्या त्या संदेशाचे म्हणणे असे की, महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या ग्रंथमालेत १९८७ साली काढलेल्या तिसऱ्या व चौथ्या खंडांतील लेखन बाबासाहेबांनी स्वतःच नापसंत करून बाजूला ठेवले होते, ते पुढे संपादकांनी जुळवले, आणि एरवीही बाबासाहेब मते बदलत राहिले, म्हणून त्यांच्या विचारांचा आज आधार घेता येत नाही. एखादी विद्यार्थिनी वाचायचे थांबण्याच्या बेतात येत असेल, तर याला उत्तर द्यायलाच हवे.

नापसंतीचा दावा सर्वांत घातक आहे आणि तो धादांत खोटा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेली एक प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. ती पुढे प्रसिद्ध झाली. तीत ते स्पष्ट सांगतात की, बौद्ध धर्म नीट समजण्यासाठी तीन ग्रंथांचा संच आपण योजला असून, उरलेले दोन ग्रंथ, म्हणजे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरचा आणि प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरचा, भागाभागाने लिहून झाले आहेत व ते लवकरच प्रकाशित करण्याची आपल्याला आशा आहे. हे दोन्ही विषय तिसऱ्या खंडात आहेत. जो माणूस हे लिहितो, तो ते कागद टाकून देत नव्हता. त्याला वेळ पुरला नाही. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते याच विषयावर, बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले, आणि ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. तिसऱ्या खंडातल्या बुद्ध आणि मार्क्स यांच्यावरच्या अपुऱ्या निबंधात खाजगी मालमत्ता दुःखाला कारण होते हे ते मान्य करतात, भिक्खूला मोजक्या आठच वस्तू बाळगू देणारा संघ दाखवतात, आणि हिंसा व हुकूमशाहीच्या वाटेने आलेली समता स्वातंत्र्य आणि बंधुता गमावून बसते, असे बजावतात. समतेसाठी काय मोजायचे, हा प्रश्न आजही कुठल्या देशात निकाली निघाला आहे, हे संदेश लिहिणाऱ्याने दाखवून द्यावे.

संपादकांविषयीच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. सुट्या टंकलिखित पानांचा क्रम या खंडांचे संपादक वसंत मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लावावा लागला, काही प्रकरणे तुटक आहेत, त्यामुळे प्रकरणांच्या क्रमावरून बाबासाहेबांचा हेतू ठरवू नये. परंतु क्रम संपादकांचा असला, तरी युक्तिवाद त्यांचा होत नाही.

मतबदलाच्या आक्षेपाला तर बाबासाहेबांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. १९४८ साली मुंबईसह एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडणाऱ्या बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात त्याची चार राज्ये सुचवली, आणि त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिले की सुसंगतीपेक्षा जबाबदारी मोठी असते, पुरेसे कारण असेल तर फेरविचाराचे धैर्य हवे, आणि विचारात अंतिम असे काही नसते. शिवाय मत बदलणे म्हणजे आधीचे पुसणे नव्हे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात शोधले. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धेवर आघात केला. १९४४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते म्हणतात की पहिला निबंध दुसऱ्यात सामावून घेऊन सगळे नव्याने लिहायचे होते, पण सवड झाली नाही. विवाहाचे बंधन आणि शास्त्राचा धाक एकमेकांना कसे टिकवून धरतात, याची ती एकत्र मांडणी त्यांच्या हातून राहून गेली, आणि प्रबंध लिहिणाऱ्यांनी ती पुढे न्यायची, तर आधी ही अपुरी पाने वाचावी लागतील.